अँटीव्हायरस काढला की परत येतो, शेवटी कसा गेला ते

प्रॉब्लेम असा. सेटिंग्जमधे जाऊन अँटीव्हायरस अनइन्स्टॉल करायचा, "झालं" असं येतं, आपण खूश, आणि दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर चालू केला की घड्याळाशेजारी तोच आयकॉन, त्याच्यावर तोच लाल ठिपका आणि "तुमचं संरक्षण संपलंय, आत्ताच रिन्यू करा". परत काढा, परत हजर. हे माझ्या मामाकडे सावईवेऱ्याला दोन महिने चाललं होतं. मी काही इंजिनियर नाही, फोंड्यात एका ऑफिसात अकाउंट्स बघते, टॅली आणि जीएसटी, पण घरात "कॉम्प्युटरचं कळणारी" मीच, त्यामुळे फोन मलाच. अँटीव्हायरस कुठल्या कंपनीचा ते लिहीत नाही, कारण सवयी सगळ्यांच्या साधारण सारख्याच असतात, तुमच्याकडचा वेगळा असला तरी खालचं बरंचसं लागू पडेल.

मशीन साधंच आहे, असेंबल केलेलं डेस्कटॉप, आठ जीबी रॅम, विंडोज ११, फायबरचं नेट. मामा रिटायर्ड मास्तर, जत्रेला गावचं नाटक बसतं त्याच्या संहिता टाईप करणं, पीडीएफ करून पोरांना पाठवणं आणि जुनी नाट्यगीतं ऐकणं एवढाच त्याचा वापर. दुकानदाराने मशीन देताना अँटीव्हायरस एक वर्षाचा घालून दिलेला, वर्ष संपलं आणि तेव्हापासून दर पंधरा मिनिटांनी खिडकी उघडायला लागली, ती पण बरोब्बर टायपिंगच्या मधे, म्हणजे नायकाचं स्वगत चाललंय आणि मधेच "तुमचा डेटा धोक्यात आहे". मामाने स्वतः तीन वेळा काढला. दर वेळी दुसऱ्या दिवशी सकाळी फोन, "बाय, तें परत आयलां गो."

आता आधीच सांगते, हे "परत आलं" जे आहे ना, त्यातच सगळी गोम आहे. मी दोन महिने समजत होते की एकच वस्तू परत परत येतेय. प्रत्यक्षात तीन वेगवेगळ्या वस्तू निघाल्या, दिसायला एकसारख्या, आणि प्रत्येकीचं औषध वेगळं. म्हणून काही करायच्या आधी नेमकं काय परत आलंय ते बघा, नाहीतर माझ्यासारखं एकाच गोष्टीला तीनदा झोडपत बसाल.

चवथीला मामेभाऊ मुंबईहून आलेला. त्याला हे कळल्यावर तो म्हणाला थांब, मुळातूनच उपटतो, आणि प्रोग्राम फाइल्समधे जाऊन अँटीव्हायरसचं अख्खं फोल्डर डिलीट करायला गेला. ॲक्सेस डिनाइड. ॲडमिन अकाउंट असूनसुद्धा. मग गडी चिडला, सेफ मोडमधे (विंडोज फक्त गरजेपुरतं चालू होतं तो प्रकार) जाऊन, ओनरशिप स्वतःच्या नावावर करून फोल्डर उडवलंच. कॉम्प्युटर चालू झाला तर नेट बंद. इकडे आरती चाललीय, घुमटाचा आवाज, आणि हा माटोळीखाली (गणपतीवर बांधतात ती फळाफुलांची चौकट) उभा राहून मला फोनवर सांगतोय की वायफायचं चिन्ह आहे पण एकही पान उघडत नाही.

हे असं का होतं ते थोडं सांगायला पाहिजे. अँटीव्हायरस म्हणजे एक फोल्डर नव्हे. फोल्डरमधे दिसतं ते त्याचं घर, पण त्याचे ड्रायव्हर, म्हणजे विंडोजच्या अगदी आत चालणारे छोटे प्रोग्राम, विंडोजच्या सिस्टीम ३२ फोल्डरमधे जाऊन बसलेले असतात, फाइल उघडताना तपासणारा एक, नेटवरून येणारं-जाणारं तपासणारा दुसरा, आणि विंडोज ८ पासून तर बूट होताना, म्हणजे मशीन चालू होताना, सगळ्यात आधी उठणारा एक ड्रायव्हरसुद्धा अँटीव्हायरसला ठेवता येतो. व्हायरस आत शिरला की पहिलं काम अँटीव्हायरसला मारायचं करतो, म्हणून हे लोक स्वतःभोवती कडं करून ठेवतात, सेल्फ डिफेन्स म्हणतात त्याला, आणि त्या कड्याला व्हायरस कोण आणि मालक कोण हे कळत नाही. आपल्याकडे गावचा राखणदार असतो ना तसंच, त्याला त्याच्या जागेवरून उठवायचं तर रीतीने, कोणीतरी उठून धोंडा हलवला म्हणून तो जात नाही. भावाने घर पाडलं पण नेटवरचा पहारेकरी तसाच उभा राहिला, तो येणारी प्रत्येक गोष्ट तपासायला मागे पाठवतोय आणि मागे तपासणारं कोणी शिल्लकच नाही, मग नेट कुठून चालणार.

तेव्हा फोनवरून दोन गोष्टी केल्या, दोन्ही उपयोगी आहेत म्हणून लिहिते. नेटसाठी सेटिंग्जमधे नेटवर्क अँड इंटरनेट, त्यात खाली ॲडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज, त्यात नेटवर्क रिसेट. याने मशीन रिस्टार्ट होतं आणि नेटवर्कचं सगळं नव्याने बसतं, फक्त वायफायचा पासवर्ड परत घालावा लागतो तो आधी शोधून ठेवा. एवढं मोठं पाऊल नको असेल तर आधी नेटवर्क अडॅप्टरच्या प्रॉपर्टीज उघडून बघा, तिथे जी यादी असते त्यात कधीकधी अँटीव्हायरसच्या नावाची एक ओळ असते, तिची टिक काढली की पण नेट येतं.

दुसरी गोष्ट ऐकायला उलटी वाटेल. फोल्डर उडवल्यामुळे आता अनइन्स्टॉल पण होईना, बटण दाबलं की फाइल सापडत नाही म्हणून एरर, कारण अनइन्स्टॉल करणारी फाइल त्याच फोल्डरात होती, ती भावाने आपल्याच हाताने मारली. यावर उपाय म्हणजे तोच अँटीव्हायरस कंपनीच्या साइटवरून उतरवून त्याच्यावरच परत इन्स्टॉल करायचा. हो, काढण्यासाठी आधी घालायचा. मोडलेलं सगळं जागेवर येतं आणि मग नेहमीच्या रस्त्याने बाहेर काढता येतं. भाऊ पाच मिनिटं माझ्याशी भांडला, मग केलं त्याने, मग अनइन्स्टॉल पण केलं, शेवटी "रिस्टार्ट करा" असं आलं तेव्हा त्याची बसची वेळ झालेली, मामाला म्हणाला बाबा रिस्टार्ट तेवढं करा हां, आणि गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोदेर (पाववाला) दारात यायच्या आत माझा फोन वाजला. तें परत आयलां.

तीनेक आठवड्यांनी मला रविवार मिळाला तेव्हा स्कूटर काढून गेले. पहिल्यांदा टास्क मॅनेजर उघडला, म्हटलं मशीन एवढं हळू का चालतंय ते तरी बघू, कंट्रोल शिफ्ट एस्केप, परफॉर्मन्स, सीपीयू. तिथे खाली अप टाइम म्हणून एक आकडा असतो, मशीन किती वेळ सलग चालू आहे तो. त्यात होतं २०:०३:४१:१२. म्हणजे वीस दिवस, तीन तास, एक्केचाळीस मिनिटं. मी मामाला विचारलं, तुम्ही रात्री बंद करत नाही का. मामा दुखावला, "हांव दर रातीं बंद करतां!" आणि मामी आतून म्हणाली की खालचं बटण पण ते काढतात, विजेचं बिल कोण भरणार.

वीस दिवस म्हणजे भाऊ गेला तो दिवस.

तर इथे पहिला चोर सापडला, आणि तो अँटीव्हायरस नव्हे. विंडोजमधे फास्ट स्टार्टअप म्हणून एक सोय असते, बऱ्याच मशीनवर आधीपासूनच चालू असते. तुम्ही शट डाऊन दाबता तेव्हा तुमचे प्रोग्राम बंद होतात पण विंडोजचा गाभा आणि त्यातले ड्रायव्हर बंद होत नाहीत, ते आहेत तसे डिस्कवर लिहून ठेवले जातात आणि सकाळी चालू केलं की तिथूनच उचलले जातात. म्हणून चालू पटकन होतं. खरंखुरं बंद होऊन नव्याने उठणं हे रिस्टार्टमधेच होतं. आपल्या सगळ्यांच्या डोक्यात उलटं असतं, शट डाऊन म्हणजे पूर्ण आणि रिस्टार्ट म्हणजे आपलं वरवरचं, आणि मामा तर रिस्टार्टला आळशी माणसाचं काम समजायचा.

आता अँटीव्हायरसचा अनइन्स्टॉलर काय करतो, चालू असलेला ड्रायव्हर त्याला स्वतःला जागेवर काढता येत नाही, म्हणून तो एक यादी करून ठेवतो की पुढच्या बूटला ह्या ह्या फाइल्स उडवायच्या, आणि म्हणून शेवटी रिस्टार्ट मागतो. मामा त्या जागी शट डाऊन करून, खालचं बटण काढून, देवापुढे दिवा लावायला जायचा. सकाळी मशीन उठायचं ते कालच्याच गाभ्यावर, यादी तशीच पडलेली, ड्रायव्हर तसाच जिवंत, त्याची अपडेट करणारी सर्विस पण जिवंत, आणि ती बिचारी आपलं काहीतरी मोडलंय बघून दुरुस्त करायला लागायची. विंडोजचा एक अपडेट पण असाच अडकलेला सापडला, रिस्टार्टची वाट बघत.

गंमत म्हणजे अधेमधे धाडकन लाईट गेली असती तर हे कदाचित आपोआप सुटलं असतं, कारण चालू मशीनची वीज गेली की गाभा लिहून ठेवायला वेळ मिळत नाही आणि पुढचं बूट नव्यानेच होतं. पण दोन वर्षांपूर्वी पावसाला कंटाळून मामाने इन्व्हर्टर बसवला, तेव्हापासून ह्या मशीनने अंधार म्हणून बघितलेला नाही. (मुद्दाम वीज घालवून बघू नका प्लीज, डिस्क जाईल.)

तर मग मी परत अनइन्स्टॉल केलं, सेटिंग्ज, ॲप्स, इन्स्टॉल्ड ॲप्स, नावापुढचे तीन ठिपके. करायच्या आधी अँटीव्हायरसच्या आत जाऊन त्याचा सेल्फ डिफेन्स बंद केला, नाहीतर तो स्वतःच्याच अनइन्स्टॉलरला अडवतो असं पण होतं. काहींमधे इथे पासवर्ड मागतात, आणि तो दुकानदाराने घातलेला असतो, त्याला फोन करून विचारा, लाजू नका. पुढचं वाक्य महत्त्वाचं आहे: शेवटची खिडकी आली तेव्हा शेजारी बसलेल्या मामाचा हात सवयीने माऊसकडे आला आणि थेट शट डाऊनवर, मी हात धरला. रिस्टार्ट. मशीन उठलं, आयकॉन नाही. अप टाइम दोन मिनिटं.

शट डाऊनच करायची सवय असेल तर शिफ्ट दाबून धरून शट डाऊनवर क्लिक करा, मग ते पूर्ण बंद होतं. किंवा फास्ट स्टार्टअप काढूनच टाका, कंट्रोल पॅनल, पॉवर ऑप्शन्स, डावीकडे "पॉवर बटणं काय करतात ते निवडा", त्यात वरती "सध्या न बदलता येणाऱ्या सेटिंग्ज बदला" अशा अर्थाची एक निळी ओळ असते ती दाबल्याशिवाय खालची टिक उघडतच नाही, ती दाबा आणि टिक काढा. मामाकडे काढली. मशीन चालू व्हायला आता थोडा जास्त वेळ लागतो, तेवढ्यात मामाचा चहा होतो.

पण मला समाधान नव्हतं, म्हटलं आलेच आहे तर उरलंसुरलं पण काढू. प्रत्येक मोठ्या कंपनीचं स्वतःचं एक साफसफाईचं टूल असतं, खास ह्याच कामासाठी, अव्हास्टचं अव्हास्ट क्लिअर, मॅकॅफीचं एमसीपीआर, कॅस्परस्कीचं केएव्ही रिमूव्हर, ईसेटचं पण आहे. हे कंपनीच्या साइटवरूनच उतरवायचं, सर्चमधे वरती जाहिरातीत जे "रिमूव्हर" येतात त्यांच्या वाटेला जाऊ नका, एक काढायला जाल आणि चार घेऊन याल. आणि सेफ मोडमधे जायच्या आधीच उतरवून डेस्कटॉपवर ठेवा, कारण साध्या सेफ मोडमधे नेट नसतं.

सेफ मोडचं माझं चुकलं तेवढं सांगते. मी एमएसकॉन्फिग उघडून बूटमधे सेफ बूटची टिक केली, मशीन सेफ मोडमधे उठलं आणि पिन घेईना. पिन उपलब्ध नाही, पासवर्ड द्या. पासवर्ड? मामाला अकाउंटला पासवर्ड आहे हेच माहीत नाही, तो दुकानातल्या पोराने केलेला. आणि एमएसकॉन्फिगने गेलं की ती टिक काढेपर्यंत दर वेळी सेफ मोडच येतो, टिक काढायला आत जायला पाहिजे, आत जायला पासवर्ड पाहिजे. घामच फुटला मला. शेवटी मामीने तिची डायरी आणली, दूधवाल्याचा हिशोब, गॅसचा नंबर, त्याखाली दुकानातल्या पोराच्या अक्षरात पासवर्ड, सगळा नीट लिहिलेला. मामी काही बोलली नाही, नुसती बघत राहिली आमच्याकडे.

तेव्हा तुम्ही एमएसकॉन्फिगने जाऊ नका. शिफ्ट दाबून रिस्टार्ट करा, निळा पडदा येतो, ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रिस्टार्ट, मग ४ दाबा. हे एकाच वेळेपुरतं असतं, पुढचं बूट आपलं नेहमीसारखं. पासवर्ड आधी हाताशी ठेवा. आणि नवीन लॅपटॉप असेल तर त्याची डिस्क बऱ्याचदा एन्क्रिप्ट केलेली असते, मग ह्या वाटेत तो बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या त्या डिस्कच्या कुलपाची, ४८ आकडी किल्ली (की) मागू शकतो, ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधे असते, आधी मोबाईलवर उघडून लिहून घ्या. टूल चालवलं, दोन मिनिटांचं काम, परत रिस्टार्ट.

खरंच गेला का हे बघायची एक छान जागा आहे, ती मला फार आवडली. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडा आणि इंग्रजीत एफ एल टी एम सी ही पाच अक्षरं जोडून टाईप करून एंटर. फाइल्सवर पहारा देणाऱ्या ड्रायव्हरांची यादी येते आणि प्रत्येकापुढे अल्टिट्यूड म्हणून एक आकडा. कोण कुठल्या मजल्यावर उभा आहे ते त्यावरून कळतं, आणि अँटीव्हायरसवाल्यांसाठी राखून ठेवलेला मजला ३२०००० पासून ३२९९९९ पर्यंतचा. विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस डिफेंडर, डब्ल्यूडी फिल्टर नावाने, ३२८०१० वर दिसतो. त्या मजल्यावर डिफेंडरशिवाय दुसरं कोणी दिसलं तर अँटीव्हायरस गेलेला नाही, आयकॉन दिसो वा न दिसो. मामाकडे टूलच्या आधी दोन होते, नंतर एकटा ३२८०१०.

इथे कोणी असं करू नका की यादीत नाव दिसलं म्हणून सिस्टीम ३२ च्या ड्रायव्हर्समधे जाऊन ती फाइल हाताने उडवली. फाइल जाते पण रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, तिची नोंद राहते, मग बूट होताना विंडोज तिला शोधत बसतं आणि कधी कीबोर्ड मरतो, कधी निळा पडदा. हे ड्रायव्हर किती आतले असतात ते सगळ्या जगाने १९ जुलै २०२४ ला बघितलं, क्राउडस्ट्राइक नावाच्या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने मायक्रोसॉफ्टच्याच अंदाजाने ८५ लाख विंडोज मशीन्स आडव्या पडल्या, आपल्याकडे एअरपोर्टवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळत होते. तिथे एक फाइल उडवणं हाच उपाय होता खरा, पण कुठली ते कंपनीने सांगितलेलं. आपल्याला कोण सांगणार.

बरं. रविवार संध्याकाळ, सगळं स्वच्छ, मामीने पातोळ्या बांधून दिल्या, मी घरी. मंगळवारी फोन.

मी म्हटलं शक्यच नाही. मामा म्हणे आयकॉन आहे. ह्यावेळी व्हिडिओ कॉल केला, इन्स्टॉल्ड ॲप्समधे वरती यादी इन्स्टॉलच्या तारखेप्रमाणे लावायला सांगितली, आणि अँटीव्हायरस खरंच आलेला होता, तारीख कालची. म्हणजे राहिलेला नव्हे, नव्याने आणलेला. कोणी आणला? यादीत खाली बघितलं तर त्याच कंपनीचे दोन भाऊ बसलेले, एक ड्रायव्हर अपडेट करणारा आणि एक मशीन साफ करून वेगवान करतो म्हणणारा. ह्यांची नावं वेगळी, आयकॉन वेगळा, त्यामुळे आमच्या लक्षातच आले नव्हते. त्या साफसफाईवाल्याने सोमवारी "तुमच्या मशीनला संरक्षण नाही, एका क्लिकमधे ठीक करा" अशी खिडकी दाखवली आणि मामाने ठीक केलं. अगदी विनयाने विचारलं होतं म्हणे.

पण हे दोघे आले कुठून, तर नाटकाची पानं जोडायला मामाने एक फुकटचं पीडीएफ जोडणारं सॉफ्टवेअर उतरवलेलं, त्याच्या इन्स्टॉलमधे "हे पण घ्या" अशा टिका आधीच लावलेल्या असतात, आपण नेक्स्ट नेक्स्ट नेक्स्ट करत जातो. तेव्हा यादी पब्लिशरच्या नावाने पण बघा, कंपनीचं नाव एकच असलेलं जे जे असेल ते सगळं एकदम काढा, आधी हे भाऊ आणि शेवटी अँटीव्हायरस, मग रिस्टार्ट. टास्क शेड्युलर (ठरलेल्या वेळी आपोआप कामं चालवतो तो) उघडून त्या कंपनीच्या नावाचं काही शिल्लक आहे का ते पण बघितलं, एक होतं, डिसेबल केलं. ब्राउझरची एक्स्टेन्शन्स पण बघा, तिथे एक "सेफ सर्च" टाईप काहीतरी बसलेलं असतं.

मग दहा दिवस शांतता. मला वाटलं सुटलो.

अकराव्या दिवशी ऑफिसात रिटर्न भरायची गडबड आणि मामाचा फोन, ह्यावेळी आवाज घाबरलेला, उजव्या कोपऱ्यात खिडकी आलीय, पाच व्हायरस सापडलेत, आज रात्री बाराला सगळ्या फाइल्स जाणार, खाली नंबर दिलाय, करू का फोन? मी म्हटलं मामा, हात लावू नका कशाला, फक्त फोटो काढून पाठवा.

फोटोत मोठ्या अक्षरात अँटीव्हायरसचं नाव, लोगो, सगळं बरोबर, आणि अगदी बारीक अक्षरात ब्राउझरचं नाव आणि एका भलत्याच साइटचा पत्ता. म्हणजे हा अँटीव्हायरस नव्हताच. ही ब्राउझरमधून येणारी नोटिफिकेशन, कुठल्यातरी साइटने पाठवलेली, दुसऱ्याचा मुखवटा घालून. हे अनइन्स्टॉल करून कधीच जाणार नाही कारण मशीनवर इन्स्टॉल असं काही नाहीच. मामा नाट्यगीतं ऐकायला कुठल्याशा साइटवर गेलेला, तिथे "तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करायला अलाऊ दाबा" असं आलं, माणूस प्रामाणिक, दाबलं. ते अलाऊ म्हणजे "मला वाटेल तेव्हा नोटिफिकेशन पाठवा" ह्याची परवानगी.

काढायला क्रोममधे सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स, तिथे परवानगी दिलेल्या साइट्सची यादी असते, अनोळखी सगळ्या रिमूव्ह करा. मामाकडे चौदा निघाल्या, त्यातली ओळखीची एक. एजमधे पण अशीच जागा आहे. शिवाय वरतीच "साइट्सना नोटिफिकेशन मागू देऊ नका" असा पर्याय आहे तो निवडला, म्हणजे परत विचारणारच नाही कोणी. आणि त्या खिडकीतल्या नंबरवर फोन कधीच करायचा नाही, पलीकडचा माणूस स्क्रीन शेअर करायचं ॲप घालायला लावतो आणि मग बँक. कोणाकडून झालंच असेल तर ताबडतोब १९३० वर फोन करा, सायबर फसवणुकीसाठीचा तो नंबर आहे, जितका लवकर तितकं पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.

ह्या सगळ्यात एक गोष्ट राहूनच गेली होती, ती मामीने काढली. प्रोग्राम काढला म्हणजे वर्गणी थांबत नाही. मामाने मधेच कधीतरी अँटीव्हायरसच्या अकाउंटमधे कार्ड घातलेलं, ऑटो रिन्यूअलची टिक तिथेही आधीच लावलेली. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १ ऑक्टोबर २०२१ पासून असे आपोआप कापले जाणारे पैसे कापायच्या निदान २४ तास आधी बँकेने कळवायला लागतं, तो मेसेज मामाला आला होता, पण इंग्रजीत आणि लोनच्या जाहिरातींच्या ढिगात. मामीने वाचला. बँकेच्या ॲपमधे मॅन्डेट किंवा स्टँडिंग इन्स्ट्रक्शन अशा नावाखाली ते असतं, तिथून रद्द केलं, आणि अँटीव्हायरसच्या साइटवरच्या अकाउंटमधे जाऊन तिथलं पण बंद केलं. यूपीआयवरून लावलेलं असेल तर त्या ॲपमधे ऑटोपे बघा.

आता मशीनवर कोण आहे असं विचाराल तर विंडोजचा डिफेंडर, दुसरा अँटीव्हायरस गेला की तो आपोआप चालू होतो. झाला का ते बघायला विंडोज सिक्युरिटी उघडून खाली सेटिंग्जमधे मॅनेज प्रोव्हायडर्स. तिथे काढलेल्याचं नाव अजून दिसत असेल तर कंपनीचं टूल परत एकदा चालवा, बहुतेक नोंद राहिलेली असते आणि तिच्यामुळे डिफेंडर बाजूला होऊन बसतो. घरच्या मशीनला हा पुरतो असं माझं मत आहे. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर मात्र ह्यातलं काहीही करू नका, तो तुमचा नव्हे, आयटीवाल्यांना सांगा.

शेवटचं तपासायला परवा गेले तेव्हा प्रोग्राम डेटामधे त्या कंपनीच्या नावाचं एक फोल्डर राहिलेलं दिसलं, रिकामं, शून्य बाइट. डिलीट होत होतं, पण मी तसंच ठेवलंय. मामाला सांगितलेलं नाही, सांगितलं तर भावाला फोन जाईल.